सोवळ्यातलं डायलिसिस

माझ्या सासूबाईंइतकी हट्टी बाई सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायची नाही. पूर्वी हे मी दातओठ खाऊन म्हणायची. आता कौतुकानं म्हणते.

मी सांगलीजवळच्या माधवनगरची, गिरणी कामगाराची मुलगी. आमच्याकडे देवाला कुणीही हात लावावा. लग्न करून वाईला आले ती थेट कडक सोवळ्यात. सासूबाई आंघोळ करून रेशमी लुगडं नेसल्या की पूजा होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मी देव्हाऱ्याकडे वळले की, "तू राहू दे गं, मी करते." अगदी गोड आवाजात! लय राग यायचा मला. भांडलेसुद्धा, पण बाई ऐकेल तर शपथ.

मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी डायलिसिसचे दोन पर्याय सांगितले. एक, आठवड्यातून तीनदा साताऱ्याला यायचं आणि हाताच्या शिरेत सुया घालून चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं. दुसरा, पोटात नळी बसवून घ्यायची आणि घरच्या घरी, दिवसातून चारदा, पोटातलं पाणी काढून पिशवीतलं नवं औषधी पाणी आत सोडायचं. पण त्यात स्वच्छता जराशी चुकली तरी पोटात जंतू जातात, जिवावर बेततं.

"मशीनच बरं, आई," नवरा म्हणाला. "तिथं नर्स असतात. घरी काही झालं म्हणजे?"

सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "घरी करताना कुणी शिवायचं नाही ना?"

"खोलीत दुसरं कुणी नकोच. दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क."

"मग हे मला येतं."

मला हसू आवरेना. पण त्या काही गंमत करत नव्हत्या. आठवड्याचे तीन दिवस साताऱ्याच्या रस्त्यावर आणि पलंगावर घालवायचे, कुणीतरी न्यायचं, कुणीतरी आणायचं, हे त्यांना नको होतं. आपली पूजा, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसणं, हे आपल्या पायांनी आणि आपल्या हातांनी व्हावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

नळी बसली. शिकवायला नर्स घरी आली, तर सासूबाई आंघोळ करून, ठेवणीतलं रेशमी सोवळं नेसून तयार!

"आजी, हे कधी धुतलं होतं?"

"रेशमाला विटाळ नसतो. ते रोज धुवावं लागत नाही."

"हे जंतूंना कुणी सांगितलंय का?"

असं त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं. आता ही नर्स घराबाहेर जाणार! सासूबाईंनी एकदा आपल्या सोवळ्याकडे बघितलं. मग आत गेल्या आणि धुऊन उन्हात वाळवलेलं सुती पातळ नेसून आल्या. "बरोबर आहे तुझं. सांग पुढचं." सत्तरी ओलांडलेल्या बाईनं जन्माची समजूत उभ्या उभ्या बदलली. त्या जागी मी असते, तर वाद घालून त्या नर्सला नको नको केलं असतं.

आणि काय शिकल्या! एकदा नवरा फोन कानाला लावून खोलीत शिरला, तर अशा कडाडल्या की बिचारा अनवाणी अंगणात. काढलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून त्या खालची अक्षरं मोठ्यानं वाचायच्या. अक्षरं स्पष्ट दिसली तर पाणी स्वच्छ, गढूळ दिसलं तर ताबडतोब दवाखाना. त्यामुळे उसाच्या दरापासून निधनवार्तेपर्यंत सगळं घराला पाठ झालं. गढूळ मात्र एकदाही आलं नाही.

असं छान चाललेलं असताना त्या न्हाणीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

"आता मशीनशिवाय गत्यंतर नाही," नवरा म्हणाला.

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. त्यांनी प्लास्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. नर्सला बोलावून म्हणाल्या, "हिला शिकव."

अहो, जिला देवाच्या ताम्हनाला हात लावू दिला नाही, तिच्या हाती थेट पोट! मला राग आला, रडूही आलं. पण नाही कसं म्हणणार?

मी हात धुतले. "पुन्हा धू," सासूबाई म्हणाल्या. पुन्हा धुतले. "नखं दाखव." दाखवली. नर्स शेजारी उभी होती, तरी नळी जोडताना मी तिला एकेक गोष्ट दोनदा विचारत होते. सासूबाई मात्र डोळे मिटून निवांत पडल्या होत्या. शेवटी मी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली. त्यांनी वाकून एक अख्खी बातमी वाचली आणि म्हणाल्या, "छान."

प्लास्टर निघेपर्यंत पिशव्यांचं सगळं मीच केलं. निघाल्यावर पहिल्या सकाळी त्या पूजेला बसल्या आणि मला हाक मारली, "ये गं, ताम्हन घे. आज देवांना तू आंघोळ घाल." शेजारच्या काकू फुलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हिचा हात चालतो आता देवांना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या.

"इतके दिवस माझा जीव हिच्या हातात होता. देवांचं काय घेऊन बसलीस?"

आणि माझ्याकडे वळून, "हात धुतलेस ना?"

धुतले होते. तरी मी पुन्हा न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारत कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.