नव्या रेडिओची पाठ उघडली तेव्हा

बालाघाटला आमचं रेडिओचं दुकान होतं आणि दारावर देशातल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ कंपनीची निळी पाटी होती. गिऱ्हाईक यायचं ते रेडिओ मागत नसे, सरळ कंपनीचंच नाव घ्यायचं. माझ्या यजमानांना त्या पाटीचा भारी अभिमान. बोलण्यात ते पटाईत होते, पण तापल्या सळईने तारांना डाग द्यायला बसले की त्यांचा धीर सुटायचा. नागपूरहून आणलेला मेकॅनिक दोन महिन्यांत निघून गेला. तोवर त्याचं पाहून पाहून मी शिकले होते. मॅट्रिक झालेली होते, कंपनीचं माहितीपुस्तक मला वाचता येत होतं. तेव्हापासून दुकानातल्या पडद्यामागे मी रेडिओ दुरुस्त करायची आणि पुढे यजमान तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. दुरुस्ती कोण करतं हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

त्या कंपनीच्या रेडिओत एक खोट होती. तापणाऱ्या व्हॉल्व्हला चिकटूनच मेणाचा एक कंडेन्सर बसवलेला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मेण वितळायचं आणि आवाज घोगरा व्हायचा. कंडेन्सर दोन बोटं बाजूला बसवला तर भागतं, असं मी यजमानांच्या नावाने कंपनीला तीनदा लिहिलं, आकृती काढून. तिन्ही वेळा आभाराचं छापील कार्ड आलं.

पासष्टच्या आगेमागे कंपनीने नवं मॉडेल काढलं. ‘संपूर्ण नवी रचना’ असं खोक्यावर लिहिलेलं. बाजाराच्या दिवशी कंपनीचे साहेब नागपूरहून येऊन ते लोकांना दाखवणार होते. यजमानांनी भरवेलीच्या खाणीपासून लालबर्र्यापर्यंत निरोप धाडले. लालबर्र्याच्या एका गुरुजींना तर, नव्यात ती खोट नसेल, असा त्यांनी शब्दच दिला होता. गुरुजींचा रेडिओ तीन उन्हाळे आमच्याकडे येऊन गेला होता.

आदल्या दिवशी दुपारी यजमान जेवायला बसले असताना मी नव्या रेडिओची पाठ उघडली. डबा नवा, बटणं नवी, कापड नवं. आत मात्र तेच. तोच व्हॉल्व्ह, आणि त्याला चिकटून तोच कंडेन्सर.

यजमान हात धुऊन आले आणि दारातच थांबले.

“काहून वं, खोललं काहून तू त्याले?”

“अहो, आत काहीच बदललं नाही. या, पाहा तरी.”

“एवढी मोठी कंपनी! तिच्या इंजिनियरायले कळत नाही, अन् तुले कळते?”

“मले कळते का नाही ते सोडा. उद्या गुरुजींले काय सांगसान?”

मी स्क्रू लावत होते तर यजमानांनी रेडिओ ओढून घेतला आणि स्वतःच लावायला लागले. एक स्क्रू हातातून पडला, तो आम्ही दोघांनी शोधला.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर माणूस मावत नव्हता. मी पडद्याआड उभी होते. साहेबांनी रेडिओ लावला, आवाज सुरेखच होता. लोक खूश झाले. मग पुढे बसलेले गुरुजी उठले.

“साहेब, आतमंदी काय बदललं?”

“सगळं. आतून बाहेरून नवा आहे.”

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते यजमानांकडे वळले. “भाऊ, तुमी सांगा. पयला मी तुमच्या भरोशावर घेतलता.”

यजमानांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. सदरा घामाने चिकटला होता. हौ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. ते म्हणणारच, असं मला वाटलं, आणि मला त्यांचा रागही येईना. साहेब हसत होते, पण त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागली होती.

“माह्या घरच्यांनं काल खोलून पाह्यला,” यजमान म्हणाले. “दुरुस्ती मी करत नाही, तेच करतात. त्यायले इचारा.”

स्क्रू काढायचा पेचकस घेऊन मी बाहेर आले. गुरुजींचा जुना रेडिओ पुन्हा दुरुस्तीला आलेलाच होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि दोन्हींची पाठ उघडली. मला काहीच बोलावं लागलं नाही. लोक वाकून वाकून पाहत होते. कुणीतरी म्हणालं, “अरे, ये तो वही है!”

गर्दी पांगल्यावर साहेब चहा न घेता निघाले. जीपपाशी जाऊन ते परत आले.

“वहिनी, ती आकृत्यांची पत्रं तुमची?”

“हो.”

“मी पुढे पाठवली होती. आमच्याकडे एका इंजिनियरने केव्हाच छोटा ट्रान्झिस्टर तयार केला होता. घरात वीज नसली तरी सेलवर चालणारा. वरचे म्हणाले, आपले मोठे रेडिओ खपताहेत, घाई कशाची? तो सोडून गेला.”

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं आणि एजन्सी गेली. निळी पाटी यजमानांनी स्वतः उतरवली. आठवडाभर ते जेवायला बसायचे आणि अर्धं टाकून उठायचे. मला वाटलं, आता हे मला जन्मभर ऐकवतील. पण तसं झालं नाही. एक दिवस खाणीतला एक कामगार बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन आला. कुठल्याशा नव्या, लहान कंपनीचा होता. यजमानांनी पडदा बाजूला सारला आणि त्याला सरळ आत पाठवलं.

मी तसा रेडिओ पहिल्यांदाच उघडत होते. त्यात व्हॉल्व्ह नव्हते, माहितीपुस्तक नव्हतं, आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. तो माणूस माझ्यासमोरच उभा होता. “बनेल का, बाई?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “दोन दिवस द्या. शिकावं लागेल.”