कुवेतमधला फ्रेंच किल्ला आणि आप्पा

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. वीस वर्षं नर्स आहे, मॉर्चरीशेजारी बसून डबा खाल्लाय. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

गेल्या दिवाळीची गोष्ट. आम्ही कुवेतला, साल्मियात, पाचव्या मजल्यावर राहतो. माझे वडील, आप्पा, सांगलीहून आले होते. त्यांना स्मृतिभ्रंश. दिवस कलला की "घरी जातो" म्हणत चालू लागायचे. खाली सहा लेनचा रस्ता! म्हणून दाराला कायम कुलूप.

माझ्या लेकीनं, सईनं, बाल्कनीत दिवाळीचा किल्ला करायला घेतला. तोही शाळेच्या पुस्तकातला — फ्रान्समधलं तटबंदीचं जुनं गाव. "राजगड सोडून फ्रान्स? धन्य आहे!" असं म्हणत बुरूज मात्र आप्पांनीच लिंपले. वेशीचा दरवाजा आईस्क्रीमच्या काड्यांचा, दोऱ्यानं खाली-वर होणारा. सई रोज सूर्यास्ताला तो पाडायची. "आजोबा, गेट क्लोज्ड. नो वन गोज आउट!" आप्पा शहाण्यासारखी मान डोलवायचे.

त्या दिवशी सई क्लासला होती. मी बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दूध आणायला गेले, लॉबीत न शिरता पार्किंगच्या लिफ्टनं परत आले, तर फ्लॅटचं दार सताड उघडं. आप्पा नाहीत! बाल्कनीतल्या किल्ल्याच्या वेशीचा दरवाजा मात्र पाडलेला. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान चालू होती. अनवाणीच जिने उतरले.

लॉबीत आप्पा उभे. समोर काचेचं सरकतं दार, माणूस दिसला की आपोआप उघडणारं.

"वेस बंद केलीय गं," ते म्हणाले. "पहारेकरी म्हणाला, सकाळी उघडेल."

कसला पहारेकरी? आमचा हारिस, म्हणजे वॉचमन, नमाजला गेला होता. परत आल्यावर त्यानंच मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. दार उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय... पलीकडे गाड्या सुसाट. आणि आप्पा उंबऱ्यावर, दोन्ही तळहात हवेत टेकवून ढकलतायत. वीस मिनिटं! शेजारी कोणीही नाही.

घरी आप्पांचे हात धुताना तळव्यात लाकडाचं कुसळ दिसलं. चिमट्यानं काढलं. पेरभर, काळं, डांबराचा वास. नवरा म्हणाला, "आईस्क्रीमची काडी असेल." अहो, ती पांढरी असते! आणि लॉबीत सगळी काच नि अ‍ॅल्युमिनियम.

आप्पा उन्हाळ्यात गेले. सांगलीत, आपल्या घरी, झोपेत. कुसळ मी डबीत ठेवलंय.

एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही, इथे सांगते. त्या दिवशी कुलूप लावायला मीच विसरले होते. माझ्या हातून वरचं दार उघडं राहिलं, आणि खाली वेस दुसऱ्याच कोणीतरी लावून घेतली.