जावईबापूंचा फोन

“हिराबाई, अलार्मचा कोड फोनवर कुणाला सांगितला का?” मालकांनी विचारलं. सगळे माझ्याकडं बघत होते — मालक, मालकीणबाई, पंचनामा लिहिणारा हवालदार, आणि सुनंदा. मागची सगळी कपाटं रिकामी होती. मी म्हणाले, “मला फोनमधलं काय कळतंय मालक? फोन सुनंदाच घेती की.”

एवढंच बोलले. फोन सुनंदाच घ्यायची, ते खरं. पण कोड मी सांगितला होता.

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. तुम्ही कोण, मला माहीत नाही, म्हणून तुम्हांला सांगायला जमतंय — की हेही भित्रेपणच? असेल.

दुकान साड्यांचं, शुक्रवार पेठेत. मी तिथं बावीस वर्षं झाडलोट केली. शिक्षण चौथी, माहेर सांगोल्याकडं मेंढरांमागं फिरणारं. सकाळी मालकांच्या घरून किल्ल्या आणायच्या, शटर वर करायचं, आत भिंतीवरच्या डबीत चार आकडे दाबायचे. दाबले नाहीत तर भोंगा असा ओरडायचा, की निम्मी पेठ गोळा व्हावी. आकडे चौघांनाच माहीत — मालक, मालकीणबाई, सुनंदा आणि मी.

सुनंदा काउंटरला होती. तिशी ओलांडलेली, बारावी झालेली, बोलायला चोख. अलार्म बसवला तेव्हा तिनंच मला शिकवलं. “मावशी, फोनवर कुणीबी कोड मागू दे, द्यायचा न्हाई. आवाज वळखीचा वाटला तरी न्हाई. फोन ठिवायचा. मग ह्या यादीतला नंबर बघून आपण उलटा फोन लावायचा. काय करायचं, सांगा बघू?” तिनं ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. यादी मला वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर चिकटवली.

चांगलंच केलं तिनं. पण मला राग आला. माझ्यामागून पंधरा वर्षांनी आलेली बाई मला धडे देते? मी हसून “व्हय बाई, व्हय” म्हटलं. राग तसाच राहिला.

मग जावयाचं प्रकरण झालं. एका सुट्टीच्या दिवशी मालकांचे लातूरचे जावई किल्ली घेऊन दुकानात साड्या न्यायला आले. कोड विचारायचा राहिला होता. भोंगा सुरू झाला, माणसं जमली, जावयांनी सुनंदाला घरी फोन लावला. तिनं काय केलं? जे मला शिकवलं तेच. फोन ठेवला आणि मालकांना लावला. मालक लग्नात, बँडच्या आवाजात. त्यांनी फोन घेईपर्यंत जावई रस्त्यावर, कानांत बोटं घालून उभे.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दुकानात आल्या. “घरच्या जावयाला चोर ठरवलंस गं?”

सुनंदा म्हणाली, “काकू, फोनमदी जावई दिसत न्हाई.”

दुकानातल्या आम्ही सगळ्या बाया हसलो. मालकीणबाई हसल्या नाहीत. जावई रुसून लातूरला गेले, मालकांना पेढे घेऊन मागं जावं लागलं. ही गोष्ट पेठेत चहाबरोबर आठ दिवस पुरली. ज्यानं ऐकू नये त्यानंही ऐकली असणार.

आणि महिन्यानं फोन आला. सकाळची वेळ, दुकानात मी एकटी.

“मावशी, मी लातूरहून जावई बोलतोय. सुट्टीच्या दिवशी माल न्यायला येतोय. कोड सांगून ठेवा — मागच्यासारखा तमाशा नको. आणि त्या बाईला विचारू नका. तुम्ही जुनं माणूस, तुम्हांला घरची माणसं कळतात.”

आवाज वेगळा वाटला मला. वाटला — खोटं कशाला बोलू? यादी नाकासमोर होती. फोन ठेवून उलटा लावायचा, एवढंच काम. मी लावला का नाही? घाबरले म्हणून? नाही. जावयाला ‘तुम्ही कोण’ विचारणं बरं दिसत नाही म्हणून? तसं पुढं मी मनाला पुष्कळदा सांगितलं. पण त्या वेळी मनात वेगळंच होतं. मला दाखवायचं होतं, की जावयाशी कसं वागायचं ते मला समजतं, सुनंदाला समजत नाही.

“घ्या लिवून, जावईबापू,” म्हणाले मी. एकेक आकडा सावकाश सांगितला. वर विचारलं, “ताईसाहेब बऱ्या हायत न्हवं?”

तो म्हणाला, “लई झकास.”

नंतरचे दिवस मी वाट बघत होते. कशाची? कौतुकाची. जावई घरी सांगतील, मालकीणबाई चारचौघांत म्हणतील, ‘शिका जरा हिराबाईंकडून.’ मी रोज किल्ल्या आणायला गेले की त्यांच्या तोंडाकडं बघायची.

सुट्टीच्या दिवशी, भर बारा वाजता, टेम्पो आला. कुलपं कापली, कोड दाबला, माल भरला. भोंगा वाजला नाही म्हणून कुणाला शंका आली नाही. समोरच्या चहावाल्यानं तर त्यांना चहा पाजला आणि विचारलं, “लग्नाची ऑर्डर का हो?”

मग पंचनामा, आणि मी बोलले ते वाक्य.

बाकीचं बोलायला लोक होतेच. जावयावरून मालकीणबाई बोलल्या, त्याचा सुनंदानं राग काढला, असं ठरलं. दुकानात दिवसाला फोन किती यायचे, कुठला कुणाचा, कोण शोधणार? पोलीस दोनदा आले आणि यायचे थांबले. सुनंदा बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. मालकीणबाईंनी तिच्या जातीवरूनही एक वाक्य टाकलं. ते मी इथं सांगत नाही. पण मी ते ऐकलं, आणि फरशी पुसत राहिले — स्वच्छ होती तरी.

सुनंदा भांडली. “माझा फोन तपासा, माझं घर तपासा,” म्हणाली. तपासलं. काही निघालं नाही, तरी काढून टाकलं.

आठ दिवसांनी ती माझ्या घरी आली. आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. “मावशी, मी कुणाला सांगणार न्हाई. तुमाला फोन आलता का? एवढं एकदा सांगा, मजी मला झोप तरी लागंल.”

तेव्हा तर हवालदार नव्हता, मालक नव्हते. कोण होतं? ती आणि मी. मी म्हणाले, “न्हाई गं बाई,” आणि चहा टाकला. ती चहा पिऊन गेली. कप धुवून ठेवून गेली.

अलार्मचा कोड बदलला. नवा कोड मालकांनी मला सांगितला. मी आणखी पाच वर्षं त्या दुकानात होते. गुडघे गेले तेव्हा स्वतःहून सोडलं. मालकांनी नारळ आणि साडी देऊन निरोप दिला.

सुनंदाला पेठेतल्या एकाही दुकानानं घेतलं नाही. ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते, दिवसभर उभी राहून. तिच्या धाकट्या पोरीला शाळेत ‘चोरटीची’ म्हणून चिडवायचे, पोरगी शाळेत जायला तयार होईना, शेवटी शाळा बदलली. सासूनं वर्षभर घरातली पेटी कुलूप लावून ठेवली. हे दिवस सुनंदानं काढले. मी नाही.