पिशवीतला शर्ट

गोंदियाच्या कोर्टासमोर मी चहा विकतो. शाळा सातवीतच सुटली, गाव लांब मराठवाड्यात. सालेकशाकडची एक बाई मुलाच्या तारखेला मोहाचे लाडू घेऊन यायची. पोलीस त्याला देऊ देत नसत, मग ते माझ्या हातावर ठेवायची. “घे बाबू, तुही माय दूर आहे.”

मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा नव्या कायद्यात निम्मी झाली होती. वरच्या कोर्टाने त्याची शिक्षा पुन्हा ठरवायला सांगितल्यापासून ती, सुटला तर घालून घरी यायला, त्याचा धुतलेला शर्टही आणू लागली. काल निकाल लागला. गुन्हा जुना, म्हणून शिक्षाही जुनीच.

ती बाकावर टेकली. “आजच्या चोराले निम्मी अन् माह्या पोराले पुरी. काऊन? तो आधी चुकला म्हणून?”

मी चहा पुढे केला. तिने शर्ट माझ्या अंगाला लावून पाहिला. देऊन टाकते की काय, या धास्तीने मी मागे सरलो. पण तिने नीट घडी केली आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला.