गवताचा ठावठिकाणा

संग्रहालयात तिला सगळे डिंकवाली म्हणत. वाळवलेली झाडंझुडपं जाड कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, स्थळ, गोळा करणारा अशी चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. हिने हातात घेतलेला चहाचा कप खाली ठेवायला दोन माणसं लागतात, अशी तिची चेष्टा व्हायची. तीही हसायची.

तिचा थोरला भाऊ याच संग्रहालयासाठी वाळवंटात फिरून गवतं गोळा करायचा. दादा घरी आला की बुटांतून वाळू सांडायची आणि वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. शेवटच्या फेरीत त्याला एक चिवट गवत फुलोऱ्यासकट मिळालं. हे गवत संग्रहात आधीपासून होतं, त्याचा फुलोरा मात्र आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता. जागा डोक्यात पक्की आहे, आल्यावर लिहितो, असं त्याने फोनवर सांगितलं. आला, आणि त्याच आठवड्यात त्याला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला एकच शब्द, "हो".

गवत तिनेच चिकटवलं. स्थळाची ओळ कोरी ठेवली.

पुढे सगळ्या नोंदी संगणकावर चढवायचं ठरलं. स्थळ नसलेला नमुना कपाटात ठेवता येणार नाही, तो विद्यार्थ्यांच्या सरावाला जाईल, असं प्रमुख बाईंनी सांगितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

त्या फेरीला दादाला घेऊन गेलेल्या जीपच्या चालकाला तिने गाठलं. त्याने दादाला डांबरी रस्त्यावर सोडलं होतं. तिथून तो दिवसभर एकटाच चालत गेला होता. मग ती नकाशा घेऊन दादाकडे गेली. त्याचं डावं बोट एका जागी टेकलं.

"इथे?"

"हो."

दुसऱ्या दिवशी बोट भलतीकडेच गेलं. तिथेही हो. तिने समुद्रावर बोट ठेवून पाहिलं, तिथेही हो. आपण चुकतोय हे त्याला समजत होतं. तो पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटायला लागला. वहिनीने नकाशाची घडी केली.

"पुरे आता. त्यांना सगळं कळतंय, म्हणून तर जीव तुटतोय त्यांचा."

संगणकासमोर बसल्यावर तिने अंदाजाने एका खेड्याचं नाव लिहिलं. मग वाटलं, उद्या कुणीतरी या नावाच्या भरवशावर उन्हातान्हात तिथे जाईल आणि हात हलवत परत येईल. तिने ते पुसलं आणि लिहिलं, स्थळ माहीत नाही.

कागद सरावाच्या खोलीत गेला. विद्यार्थ्यांनी हाताळून हाताळून काही दिवसांतच फुलोरा झडला. ती दारातून बघत राहिली. मुलांना रागावणार तरी कशी? तो कागद त्यांच्यासाठीच तर ठेवलेला होता.

संध्याकाळी ती दादाकडे गेली, तेव्हा त्याने काही विचारावं तशी तिच्यावर नजर रोखली.

"कपाटात आहे, दादा. तुझ्या नावाने," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. त्याला ते पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. वहिनीने हाक मारली, आणि दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं.