चवळीचे मास्तर, माझे मामाजी

मामाजी गेले त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून त्यांची माफी मागितलेली नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. चांदूर बाजारजवळ त्यांचं भाजीपाल्याचं वावर होतं. जन्मभर वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवली. अकोल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते कधी चार दिवसांच्या वर टिकले नाहीत.

धडधाकट असताना एकदाच टिकले. चवळीमुळे.

चवळी आमची कुत्री. लेकीच्या हट्टानं आणली तेव्हा दोन महिन्यांची, एवढीशी. आणि घरभर शी-शू.

मी शिक्षिका. म्हटलं, वर्गभर पोरं सांभाळते, हिला शिकवायला कितीसा वेळ लागणार!
मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, चांगला मोठा लोखंडी पिंजरा मागवला. क्रेट ट्रेनिंग! सकाळी तिला आत कोंडायचं आणि शाळेत जायचं. दुपारी येऊन बघावं तर एका कोपऱ्यात सगळी घाण, दुसऱ्या कोपऱ्यात बाईसाहेब झोपलेल्या.

मग मी आणखी डोकं चालवलं. पाण्याची वाटीच काढून घेतली.

नेमके त्याच दिवशी मामाजी गावाहून आले. ओट्यावर पालथी घातलेली वाटी त्यांना दिसली.

"पानी काहून नाही ठेवलं हिले?"
"घरात करते मामाजी ते."
"म्हनून तहानेली ठेवतं काय? तिले जागा दाखव ना. पानी तोडून कोनी शिकते काय?"

तिथून माझी मास्तरकी संपली, त्यांची सुरू झाली.

भाजी भरून आणलेलं प्लास्टिकचं कॅरेट त्यांनी रिकामं केलं आणि पिंजऱ्यात आडवं घातलं. आता तिला वळून झोपण्यापुरतीच जागा उरली.
"निजते तिथं जनावर घान करत नाही. तुनं तिले बंगला देल्ला, मंग थे काय करन?"

पिंजऱ्याचं दार ते उघडंच ठेवायचे. आत भाकरीचा तुकडा टाकायचे. दोन दिवसांत ती आपण होऊन आत जाऊन बसायला लागली.

झोपून उठली की खाली. खाल्लं की खाली. खेळून दमली की खाली.
दुसरा मजला, लिफ्ट नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस काखेत पिल्लू घेऊन दिवसातून दहा वेळा जिना उतरायचा. कंपाउंडजवळच्या कडुलिंबाखाली, रोज त्याच जागी. तिनं केलं की "शाबास वं माय!" एवढ्या जोरात, की बाया गॅलरीत येऊन बघायच्या.

घरात चुकलीच तर फडकं घेऊन स्वतः पुसायचे. मी ओरडायला लागले की मलाच अडवायचे.
"तिच्यावर रागावून काय फायदा? मंग थे लपून करन."

तीन आठवड्यांत चवळी दार खरवडून सांगायला शिकली. मामाजी लगेच गावी गेले. वांगी वाट बघत होती म्हणे.

दोन वर्षांनी ते कायमचे आले. लकवा. डावी बाजू गेली. चवळीनं आपला मुक्काम त्यांच्या पलंगाखाली हलवला.

एका सकाळी शाळेत इन्स्पेक्शन होतं. मी साडी नेसून तयार, आणि मामाजींची गादी ओली. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

माझी जीभ तिखट आहे. तुम्ही सगळे ओळखताच मला.

"मामाजी, चवळीले समजते, दारापाशी जाऊन सांगते. तुमाले आवाज देता येत नाही काय?"

ते उजव्या हातानं चादर ओढायला लागले, स्वतःच काढायला.
मी ती त्यांच्या हातातून हिसकून घेतली.

त्यानंतर गादी बहुतेक कोरडी राहायला लागली. मला हायसं वाटलं. नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "बघ, कधी कधी बोलावं लागतं."

उशाशी ठेवलेला पाण्याचा ग्लास वाकून चवळीच्या वाटीत ओतताना मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं होतं.
मला वाटलं, लाड चाललेत.

दीड महिन्यात ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पीत नव्हते का हे?"
"पितात की! मी स्वतः भरून ठेवते." मी ठणकावून सांगितलं.
आणि सांगता सांगताच ती वाटी आठवली.

सलाईन लावल्यावर ते जरा सावध झाले. मी जवळ बसून विचारलं, "मामाजी, पाणी काहून सोडलं तुमी?"

हळूच म्हणाले, "तुले शाळेत जा लागते वं बाई. सकायी सकायी चादरी कायले धुतं?"

रागानं म्हणाले असते तर सोसलं असतं. ते माझ्या काळजीनं म्हणाले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नणंद होती, नवरा होता, शेजारच्या खाटेवरचे लोक कान देऊन होते. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, की मी यांना काय बोलले होते? म्हटलं, घरी आणल्यावर निवांत सांगू.
चौथ्या दिवशी गेले.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, लकवा होता, पाणी हे एकच कारण नाही. मी मान हलवली. मनाला काही पटलं नाही.

मी काय बोलले होते ते नवऱ्यालाही वर्षभर सांगितलं नव्हतं. काल सांगितलं.
तो म्हणाला, "मले काय सांगतं? त्यायले सांग."

त्या दिवशी लोकांसमोर लाजले, म्हणून आज लोकांसमोरच सांगते.

मामाजी, मी तुमाले तसं बोलाले नाही पायजे होतं.
चुकलं माहं.
चादरी कितीबी झाल्या असत्या, तरी मी धुतल्या असत्या.