पापण्या

मंदिरात आलेल्या जुन्या बाहुल्या अग्नीला देण्याआधी त्यांच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधायची, हे कियोनोचं काम. बाहुलीला डोळे असले की तिच्यात जीव असतो, आणि जिवाला जाळ दिसू नये. "रडायचं नाही हं, बायांनो," अशी थट्टा करत तिचे हात भराभर चालायचे.

यंदा ओसाकाचा एक हॉटेलवाला, कुझुमी, स्वागताला उभी असायची ती रोबो मुलगी घेऊन आला. गालावर तीळ, मानेवर लव. बघताच कियोनोने विचारलं,

"बंद आहे ना हो ही?"

"बॅटरी केव्हाच काढलीय, मावशी. खात नाही ती तुम्हाला."

"बांध गं," मंदिराचे भन्ते म्हणाले. "हिला जाळायचं नाहीये. मंत्र म्हणू, मग नेतील भंगारात."

कियोनोने पट्टी टेकवली. कापडाखाली पापण्या हळूच मिटल्या. बोटांना नीट कळलं.

तिने गाठ मारली. मागे बाहुल्यांचा ढीग धडधडून पेटला होता. तिकडे बघायचा तिला धीर होईना. हिला पापण्या होत्या, म्हणून कळलं तरी. इतकी वर्षं हसत हसत जाळात दिलेल्या बाहुल्यांना त्या कुठे होत्या?